कुरणावरची यजमानीण

आज गोड बोलायचं, असं झुराने गायीखाली बसल्या बसल्याच ठरवून टाकलं. कितीही जीव जळला तरी गोड बोलायचं. दुपारी पर्यटन संघटनेची परदेशी बाई यायची होती. ती चहा घेणार, घरातल्या बायकांशी इंग्रजीत चार गोष्टी बोलणार आणि सोंगकोल सरोवराकाठच्या कुरणावरल्या तंबूंची यजमानीण म्हणून एकीचं नाव लिहून नेणार. एकीचंच.

आपांनी दोघी सुनांना समोर बसवून बजावलं होतं, "मी थकले गं बायांनो. यंदापासून वरचा कारभार एकीच्या हातात. जिला पाहुण्यांशी बोलता येईल ती वर जाईल. दुसरी खाली राहून बटाटे बघेल, गाय बघेल. आणि हे बघा, रुसवेफुगवे नकोत."

रुसवेफुगवे नकोत म्हणे! अठरा-एकोणीस उन्हाळे झुरा त्या कुरणावर राबली होती. लोकरी नमद्याचे तंबू उभे केले, घोड्यांचं दूध काढलं, त्याचा आंबट कुमीस घुसळला, गोवऱ्या थापल्या. जर्मन म्हणू नका, जपानी म्हणू नका, सगळ्यांना हातवारे करून जेवू घातलं. तेव्हा कुणी तिला विचारलं नाही, की बाई गं, तुला इंग्रजी येतं का? आणि गेल्या पानगळीत धाकटा दीर एर्निस बिश्केकहून मेरिमला बायको म्हणून घेऊन आला, तर सगळं घर एकदम इंग्रजीच्या नादाला लागलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! हाताला कधी शेणाचा वास नाही, गोवरी उलटी आहे की सुलटी ते कळत नाही, पण 'गुड मॉर्निंग' म्हटलं की आपांच्या चेहऱ्यावर नुसता सूर्य उगवायचा.

झुराला खाली गावात राहायचं नव्हतं. नवरा रशियात जाऊन बसलेला, वर्षातून एकदा आला तर आला. गावात नळावर गेलं की बायका हटकून विचारायच्या, "काय गं, तुझा कधी येतोय?" विचारताना एकमेकींकडे बघायच्या. वर कुरणावर असलं कुणी विचारत नाही. वर ती कुणाची टाकलेली बाई नव्हती. वर ती मालकीण होती. उन्हाळ्याचे ते तीन महिने गेले, की झुराकडे आपलं असं काही उरतच नव्हतं.

म्हणून तीही शिकत होती. गुपचूप. नवऱ्याचा जुना फोन खिशात, डोक्याच्या रुमालाखालून कानात वायर, आणि सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी धडे. "धिस इज ब्रेड. धिस इज मिल्क. हाउ आर यू? आय अॅम फाइन." गायीला एव्हाना अर्धं इंग्रजी आलं असेल. त्यातला एक शब्द झुराचा फार आवडता होता. सासऱ्यांचं नाव कोझुबेक, आणि नावात कोझू, म्हणजे कोकरू. सासऱ्याचं, दिराचं, नवऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. नुसतं नावच नाही, नावात दडलेला शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. लग्न झाल्यापासून झुरा कोकराला 'मेंढीचं पिटुकलं' म्हणत आली होती. धड्यात 'लॅम्ब' आला तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, लॅम्ब. काहीही झालं नाही. लॅम्ब, लॅम्ब, लॅम्ब. एकटीच हसली वेड्यासारखी.

पण धडे ते धडे. मेरिमपुढे आपण टिकणार नाही, हे तिला कळत होतं. पलीकडच्या गावात मावसबहिणीकडे ती परदेशी बाई चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती. मावसबहिणीने फोनवर सगळं सांगितलं. "अगं, पहिलाच प्रश्न तो. घरात कोण कोण, कुणाचं नाव काय. भिंतीवरचे फोटोसुद्धा सोडत नाही मेली." ते ऐकलं आणि झुराच्या डोक्यात किडा वळवळला.

स्वयंपाकघरात मेरिम बोरसोक तळत होती. तळत होती म्हणजे काय, निम्मे करपले होते, निम्मे कच्चे.

"सरक," झुरा म्हणाली. मग ठरवलेलं आठवलं. "म्हणजे, दे गं, मी करते. तू आज हात भाजून घेऊ नकोस. आज तुझा दिवस."

मेरिमने चमकून पाहिलं. जाऊबाईंच्या तोंडून इतकं गोड बोलणं तिने या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं. "जाऊबाई, तुम्ही रागावला नाहीत ना माझ्यावर?"

"मी कशाला रागावू? तू शिकलेली, मी अडाणी. ज्याचं त्याला."

"असं नका म्हणू. आपा तर रोज तुमचंच कौतुक करतात. झुराचं पीठ, झुराची साय, झुराचा कुमीस. मी काहीही केलं की म्हणतात, झुराला विचार." मेरिमने ओठ चावला. खरं सांगायचं तर जळफळाट काही एकट्या झुराचा नव्हता. मेरिम या घरात पाहुण्यासारखी होती. तिच्या हातून वाडगा पडला तर आपा "असू दे" म्हणायच्या, झुराच्या हातून पडला तर कडाडून ओरडायच्या. त्या ओरडण्याचा तिला हेवा वाटायचा. आपल्या माणसावरच ओरडतं माणूस. इंग्रजी हे एकच तिचं, जे झुरापाशी नव्हतं. त्यावर आजचा सगळा डाव होता.

झुराने पिठाचे तुकडे सुरीने टकाटक कापून तेलात सोडले. ते टम्म फुगून वर आले. "एक सांगू का?" ती म्हणाली. "त्या लोकांना नावं फार आवडतात. घरातल्या सगळ्यांची ओळख करून दे. नावं खणखणीत घे. भिंतीवरचा फोटो विसरू नकोस. त्या माणसाने तर कुरण उभं केलं."

मेरिमचा हात थांबला. "सासऱ्यांचं पण? नाव? मी?"

"अगं, इंग्रजीत! इंग्रजीत काय होतंय? आपल्या भाषेत घेतलं तर घेतलं म्हणायचं. ते तर धड्यातलं वाक्य. शाळेत तू म्हणत नव्हतीस का, माझ्या वडिलांचं नाव अमुक, आईचं नाव तमुक?"

"म्हणायचे की. रोज म्हणायचे."

"मग झालं तर."

मेरिमला ते पटलं. पटायला सोपंही होतं. किरगिझ बोलताना तिची जीभ आपोआप आवरायची, पण इंग्रजी बोलताना तिला सासर नव्हतं, माहेर नव्हतं; ती पुन्हा कॉलेजातली मुलगी व्हायची. "थँक यू, जाऊबाई," ती सवयीने म्हणाली.

झुरा तेलाकडे बघत राहिली. गोड बोलायला काही पैसे पडत नाहीत.

दुपारी इनेके नावाची ती बाई आली. उंच, उन्हाने नाक सोललेलं, पायात पुरुषी बूट. आणि तिच्या पाठोपाठ, आमंत्रण नसताना, शार्शेकान आत्या आल्या. कोझुबेकची थोरली बहीण. काही घडणार असलं की त्यांना बरोबर वास येतो.

"मी काही मध्ये पडणार नाही," आत्या वरच्या मानाच्या गादीवर बसता बसता म्हणाल्या. "माझ्या कोझुबेकचं घर आहे, बसते जरा. माझा कोझुबेक असता तर आज किती रंगला असता!"

आपांनी मुकाट्याने त्यांच्यापुढे साय सरकवली. बात्मा-आपांना ही नणंद चाळीस-बेचाळीस वर्षं अशीच वर बसलेली माहीत होती. "वन्सं, घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरला होता. बोरसोकचा ढीग, जर्दाळूचा मुरंबा, साय, लोणी, नानाचे तुकडे. झुरा समोवारच्या बंबापाशी बसली, चहा ओतायला. ती सुनेची जागा. तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. मेरिम पाहुणीच्या शेजारी.

आणि मेरिम बोलायला लागली. काय बोलली म्हणून सांगू! प्रवास कसा झाला, थंडी वाजली का, चहात दूध चालतं का, रस्ता कसा वाईट, डोंगर कसे छान. इनेके हसली, मेरिम हसली, दोघी हातावर हात मारून हसल्या. आपांना अक्षर कळत नव्हतं, पण सुनेच्या तोंडातून ते भराभरा बाहेर पडताना पाहून त्यांची मान ताठ झाली. त्या नणंदेकडे तिरक्या नजरेने बघून घेत होत्या. आणि तरी आत कुठेतरी टोचतही होतं. आपल्या घरात, आपल्या दस्तरखानावर, आपल्याशी कुणी बोलतच नाही! इनेकेने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, तर काय उत्तर द्यायचं तेही मेरिमला विचारायचं. म्हातारीची आज पाहुणी झाली होती.

झुराला मात्र बरंच कळत होतं. सगळं नाही, पण बरंच. थंडी कळली, रस्ता कळला, दूध कळलं. प्रत्येक कळलेल्या शब्दागणिक तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, कारण हे आपल्यालाही म्हणता आलं असतं. जरा अडखळत, पण म्हणता आलं असतं. थांब म्हणाली ती स्वतःला. थांब जरा.

इनेकेने बोरसोक तोडता तोडता विचारलंच. घरात कोण कोण आहे? नावं सांग ना सगळ्यांची.

मेरिमने झुराकडे पाहिलं. झुराने डोळ्यांनीच 'हां' म्हटलं.

"या माझ्या सासूबाई," मेरिम इंग्रजीत म्हणाली, "यांचं नाव बात्मा."

आपांनी आपलं नाव ऐकून भुवया उंचावल्या. सासूचं नाव? पण पाहुणी कौतुकाने बघत होती, म्हणून त्या गप्प राहिल्या.

"या माझ्या थोरल्या जाऊबाई, झुरा. त्यांचे यजमान तुरात, ते रशियात असतात. माझा नवरा एर्निस." आणि मग मेरिम चक्क उठून उभी राहिली. भिंतीवर टोपीतला, रुंद कपाळाचा माणूस होता. तिने हात केला. "आणि हे माझे सासरे. वरचं कुरण यांनी उभं केलं. यांचं नाव कोझुबेक."

खणखणीत. सांगितलं होतं तसं. त्या सगळ्या परक्या शब्दांतून ते एक नाव असं वर आलं, जसं तेलातून बोरसोक.

आत्यांच्या हातातला वाडगा खाली आला. "काय म्हणाली ही?"

मग त्या मेरिमकडे वळल्या.

"अगं ए शहरवाली! काय म्हणालीस आत्ता? माझ्या भावाचं नाव घेतलंस तू? सून होऊन? त्याच्याच घरात उभं राहून, त्याच्याकडे बोट करून?"

मेरिमचा चेहरा उतरला. "आत्याबाई, ते... ते इंग्रजीत होतं."

"इंग्रजीत तुझा सासरा दुसरा कुणी आहे का?" आत्या गुडघ्यांवर उठल्या. "बात्मा, ऐकलंस ना? हे असलं पोरगं वर पाठवणार तू? आपल्या आया नवऱ्याच्या नावात डोंगर होता म्हणून जन्मभर डोंगराला डोंगर म्हणाल्या नाहीत! आणि ही? पाच माणसांत?"

मेरिमने वळून झुराकडे पाहिलं. एकदाच. सांगा ना, म्हणत होते तिचे डोळे, तुम्हीच म्हणाला होतात. झुरा समोवारची तोटी पुसत होती. तोटी काही इतकी घाण नव्हती. पण ती पुसत राहिली, मान वर करेना, आणि त्या वाकलेल्या मानेवरून मेरिमला सगळं लख्ख कळलं. सकाळचं गोड बोलणं, फोटो विसरू नकोस, आज तुझा दिवस. एखादीने तिथेच तोंड उघडून जाऊबाईचं पितळ उघडं पाडलं असतं. मेरिमने तोंड मिटलं. आत्ता सांगितलं तर आपण रडक्या ठरू, एवढी अक्कल तिला होती. ती खाली बसली.

आपा उठल्या. दाराबाहेर गेल्या. दाराचा पडदा त्यांच्या मागे हलत राहिला.

"गेली बिचारी!" आत्या म्हणाल्या. "सहन नाही झालं तिला."

इनेके एकीकडून दुसरीकडे बघत होती. आपलं काय चुकलं तेच तिला कळेना. घाबरून तिने विषय बदलायचा म्हणून झुराकडे तोंड वळवलं, आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश विचारलं. तुम्ही कशा आहात? तुमचं नाव काय? किती वर्षं कुरणावर जाता?

झुराला शब्दन्‌शब्द कळला. उत्तरं तयार होती. गायीला शंभरदा ऐकवलेली. ती जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली होती. पण आत्या बघत होत्या. एक सून नुकतीच उताणी पडली होती, आणि दुसरीला उभं राहायला नुसतं गप्प बसणं पुरे होतं. झुराने रुमालाचं टोक ओठांवर धरलं, मान झुकवली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "मला नाही बाई येत यांची भाषा. मला आपली रीत येते."

"शाब्बास!" आत्यांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात सून!"

ते 'शाब्बास' झुराच्या अंगभर पसरलं. जिंकले, तिला वाटलं. मेरिम मान खाली घालून नानाचे कण वेचत होती. झुराने एक वाडगा चहा भरला, साय घातली आणि आपांच्या मागे बाहेर गेली. जखमेवर फुंकर घालायला. थोडं मीठही.

आपा घरामागे कुंपणापाशी उभ्या होत्या, डोंगराकडे तोंड करून. ओठ हलत होते. दुवा म्हणतायत, झुराला वाटलं.

"आपा, चहा. जाऊ द्या ना, लहान आहे ती. तिला कुठे माहीत आपल्या घरचं वळण? मी तिला दोन शब्द सुनावते. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

"किती सहज घेतलं गं तिने," आपा म्हणाल्या.

"तेच तर! लाज नाही, शरम नाही."

"मला जमेना. बघ ना, इथे कुणी नाही. केव्हाची उभी आहे. तोंड उघडते आणि अडतं."

झुराला कळेना. "काय जमेना, आपा?"

बात्मा-आपांनी चहाचा वाडगा घेतला, प्यायल्या नाहीत. सतराव्या वर्षी त्या या घरात आल्या. तेव्हापासून त्या माणसाला 'अहो' म्हणाल्या, 'ऐकलंत का' म्हणाल्या, थोरला झाल्यावर 'तुरातचे बाबा' म्हणाल्या. बर्फात वाट चुकला होता तेव्हा टेकडीवर उभं राहून 'अहो ओ' अशीच हाक मारली होती. मयताच्या दिवशी तंबूत बसून आक्रोश केला तो 'माझा डोंगर, माझी सावली' म्हणून केला. नाव बाकीच्यांनी घेतलं. मुल्लाने घेतलं, शेजाऱ्यांनी घेतलं. आणि नणंदेने तर उभा जन्म घेतलं. माझा कोझुबेक असा, माझा कोझुबेक तसा. आला तर माझा कोझुबेक, जेवला तर माझा कोझुबेक.

"नवरा माझा," आपा म्हणाल्या, "आणि नाव त्यांचं! दिवसातून दहादा माझ्यासमोर घेतात, आणि मी साय पुढे करत बसते. चाळीस वर्षं माझ्या पोटात हे जळतंय झुरा, तुला कधी वाटलं तरी होतं का? आज ती कालची पोर उठली आणि फोटोकडे हात करून म्हणाली. मला तिचा राग नाही आला गं. हेवा वाटला. तिच्या तोंडावर हात ठेवून ते नाव काढून घ्यावं असं वाटलं."

"आपा, आत्याबाई काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिला पाठव."

"कुणाला?"

"मेरिमला. कसं म्हणाली ते मला परत ऐकायचंय."

"आपा, पण..."

"पाठवतेस की मीच जाऊ?"

शेवटी आपाच गेल्या. वाडगा झुराच्या हातात परत देऊन, ताठ चालत आत शिरल्या. झुरा मागोमाग आली ती उंबऱ्यातच थांबली. आपा आपल्या नेहमीच्या जागी बसल्या नाहीत, फोटोखाली बसल्या आणि मेरिमला म्हणाल्या, "इकडे ये. जवळ."

मेरिम मार खायच्या तयारीने सरकली. "आपा, माफ करा मला."

"माफी नंतर. 'माझा नवरा' कसं म्हणायचं इंग्रजीत?"

मेरिम बघतच राहिली. "माय... माय हजबंड, आपा."

"आणि 'यांचं नाव'?"

मेरिमने सांगितलं. आपांनी ते दोन-तीनदा तोंडात घोळवलं, दात नसलेलं माणूस खडीसाखर घोळवतं तसं. मग इनेकेकडे वळल्या. डोक्यावरचा रुमाल सावरला. कपाळावर घाम आला होता.

"माय हजबंड," आपा म्हणाल्या. "हिज नेम..." आणि अडल्या. मेरिमने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हिज नेम कोझुबेक."

त्यांचा आवाज नवऱ्या मुलीसारखा आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, आणि त्या हसतही होत्या.

"बात्मा!" आत्या ओरडल्या. "म्हातारपणी लाज सोडलीस?"

"वन्सं, मी इंग्रजीत बोलतेय," आपा डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हाला नाही कळायचं." आणि पुन्हा म्हणाल्या. मग पुन्हा. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने, की बाहेर कुत्रं भुंकलं. इनेकेचे डोळेही भरून आले. तिने आपांचा हात हातात घेतला, आणि आपा तिला त्या मोजक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांत सांगू लागल्या, माणूस किती उंच होता, खांदे केवढे होते. आत्यांनी साय लावलेला नान तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं. उठून मात्र गेल्या नाहीत.

जरा शांत झाल्यावर आपा म्हणाल्या, "मेरिम, हिला सांग. लिही म्हणावं. वर मेरिम येईल, माझ्याबरोबर. मी खाली बसणार होते ते रद्द. उन्हाळाभर पाहुणे येतात वर, प्रत्येकाला सांगायचंय मला. हिने शिकवायचं, मी बोलायचं."

झुरा उंबऱ्यातून पुढे आली. "आपा! घोड्यांचं काय? कुमीस कोण घुसळणार? हिला तर..."

"घोड्यांचं मी शिकवेन तिला. तुला नाही का मी शिकवलं?"

"मी एवढी वर्षं..." झुरा म्हणाली. "आपा, मी काय करू मग खाली?"

उत्तर आपांच्या आधी आत्यांनीच दिलं, भिंतीकडे तोंड करून. "झुरा शहाणी आहे. मघाशी म्हणालीच ती, मला त्यांची भाषा येत नाही, आपली रीत येते म्हणून."

"मग झालं," आपा म्हणाल्या. वाईटपणाने नाही म्हणाल्या, अगदी साधेपणाने. "रीत सांभाळायला खालीच माणूस हवं. तिथे वर माझी रीत आता सुटली."

इनेकेने पेन काढून नाव लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. झुराने जागेवर येऊन समोवारला हात लावला, कारण कशाला तरी हात लावणं भाग होतं.

मेरिमने सावकाश तिच्याकडे तोंड वळवलं. तिचे गाल अजून ओले होते, पण डोळे कोरडे होते. "आपा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे सगळं जाऊबाईंमुळे झालं बरं का. माझी हिंमतच नव्हती. सकाळी त्यांनीच सांगितलं, सगळ्यांची नावं खणखणीत घे, फोटो विसरू नकोस. त्यांनी सांगितलं नसतं तर मी ते नाव घेतलंच नसतं." ती झुराच्या दिशेने जराशी झुकली, सुना झुकतात तशी, छातीवर हात ठेवून. सकाळी झुराने वापरला होता तोच गोडवा, चमचाभर जास्तच. "थँक यू, जाऊबाई. थँक यू व्हेरी मच."

"खरं की काय?" आपांनी झुराकडे पाहिलं. नजरेत माया होती, आणि तीच झुराला सोसवेना. आत्यांचीही मान भिंतीकडून इकडे वळली. शाब्बासकी देणारे डोळे आता बारीक झाले होते.

झुराने रडू गिळलं, शिव्या गिळल्या, आणि तोंड उघडलं तर त्यातून भलतंच बाहेर पडलं. धडा पडला. रोज सकाळी कानातला बाप्या 'थँक यू' म्हणायचा आणि ती गायीच्या पोटाला डोकं टेकवून त्याला उत्तर द्यायची, तसं.

"यू आर वेल्कम," झुरा म्हणाली. "नो प्रॉब्लेम अॅट ऑल."

स्वच्छ. न अडखळता.

मेरिमचा चेहरा गोठला. आपांनी वाडगा खाली ठेवला. "अगं," त्या म्हणाल्या, "येतं होय तुला? झुरा? कधी शिकलीस?"

झुराने समोवारची तोटी पुन्हा पुसायला घेतली.

"मग मघाशी बोलली का नाहीस? मी विचारतेय, बाईने विचारलं तेव्हा गप्प का बसलीस?"

झुराने आत्यांकडे पाहिलं, मेरिमकडे पाहिलं, आणि रिकामे वाडगे एकात एक ठेवायला लागली. इनेकेने लिहिलेल्या कागदाची घडी खिशात घातली. मग ती मेरिमच्या कानाशी वाकली आणि हलक्या आवाजात, झुराला ऐकू जाणार नाही असं समजून, म्हणाली, "किती छान बोलल्या या. उच्चार तर तुझ्यापेक्षाही चांगले आहेत. तेव्हाच बोलल्या असत्या, तर मी यांचंच नाव लिहिलं असतं."

"काय म्हणतेय ती?" आपांनी विचारलं.

"काही नाही आपा," मेरिम म्हणाली. "चहा छान झाला म्हणतेय."

झुराला शब्दन्‌शब्द कळला.